सोपे वाटू लागले की शिकवणे अवघड

व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या अभियांत्रिकीला भौतिकशास्त्राच्या दोन मोठ्या तुकड्या होत्या. प्रत्येकीत २७०च्या आसपास मुले. अकरा आठवडे दोन्हीकडे अनुभवी प्राध्यापक शिकवत होते आणि मुलांची तयारी तपासून पाहिली तर दोन तुकड्यांत डावे-उजवे करण्यासारखे काही नव्हते. बाराव्या आठवड्यात एका तुकडीत बदल करण्यात आला. पहिल्या तुकडीचे प्राध्यापक तेच राहिले. ते मुरलेले शिक्षक होते आणि विद्यार्थ्यांच्या पसंतीला उतरलेले होते. दुसऱ्या तुकडीसमोर मात्र लुई डेलोरिए हा पीएचडीनंतर संशोधन करणारा तरुण उभा राहिला आणि त्याच्या मदतीला एलन शेलू ही पदव्युत्तर विद्यार्थिनी आली. दोघांच्या गाठीशी शिकवण्याचा अनुभव बेताचाच होता. विषय दोन्हीकडे एकच, विद्युतचुंबकीय लहरी. वेळ तीन तास. मुलांना काय यायला हवे, हे दोन्ही बाजूंनी आधी एकत्र ठरवले होते. त्यानंतर बारा प्रश्नांची चाचणी झाली.

मुरलेल्या प्राध्यापकांच्या तुकडीला सरासरी ४१ टक्के गुण मिळाले, नवख्यांच्या तुकडीला ७४. प्रश्न न वाचता अंदाजपंचे पर्याय निवडले असते तरी २३ टक्के पडले असते. म्हणजे नुसत्या अंदाजाच्या वर जे काही शिकणे झाले, ते नवख्यांच्या वर्गात दुपटीहून जास्त झाले.

हा प्रयोग २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखकांत तिसरे नाव कार्ल वीमन यांचे होते. बोस आणि आइनस्टाइन यांनी कागदावर भाकीत केलेली पदार्थाची अवस्था प्रत्यक्षात आणल्याबद्दल ज्यांना २००१चे नोबेल मिळाले, तेच हे वीमन. नोबेलनंतर त्यांनी आपली बुद्धी एका वेगळ्याच कोड्याला लावली होती: इतकी हुशार माणसे शिकवत असूनही इतकी मुले इतके कमी का शिकतात?

प्रयोगावर आक्षेप आले. एकाच आठवड्याचा खेळ, आणि शिकवणारेच प्रयोग करणारे, असे लोक म्हणाले. ते रास्तही होते. पण २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे तब्बल २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. मुले वर्गात स्वतः डोके चालवत असतील तर नापासांचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. नुसते व्याख्यान ऐकत असतील तर ते सुमारे ३४ टक्के होते. व्हँकुव्हरचा आकडा डोळे दिपवणारा होता, पण वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे हे त्याने बरोबर दाखवले होते.

त्या तीन तासांत नेमके झाले तरी काय? डेलोरिए आणि शेलू यांनी व्याख्यान असे जवळजवळ दिलेच नाही. मुलांनी वर्गाआधी तीन-चार पाने वाचून यायचे आणि वाचल्याची खूण म्हणून छोटीशी ऑनलाइन चाचणी द्यायची. वर्गात पडद्यावर एक अडचणीचा प्रश्न यायचा. प्रत्येकाने हातातल्या क्लिकरवर आपले उत्तर दाबायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, पटले तर मत बदलायचे. हे चाललेले असताना दोघे शिक्षक कान देऊन ऐकत असत. मुले कुठे अडली, कुठला चुकीचा रस्ता त्यांना सरळ वाटतो आहे, याचा त्यांना अंदाज येई. मग जे काही समजावून सांगायचे, ते नेमके त्या अडचणीवर.

हे दोघे उपजत जादूगार नव्हते. त्यांनी या रीतीचे प्रशिक्षण घेतले होते. शिक्षक ‘हाडाचा’च असावा लागतो, तो घडवता येत नाही, या आपल्या लाडक्या समजुतीला इथे पहिला तडा जातो. पीएचडी करणाऱ्या तरुणाला प्राध्यापक म्हणून घडवता येते. त्यातला सगळ्यात चकित करणारा भाग असा की, त्याला नवे काही देण्यापेक्षा त्याच्याकडून हरवलेले काहीतरी परत मिळवून द्यावे लागते.

हरवते ते काय?

१९८१ साली मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली २४ गणिते स्वतंत्र कार्डांवर लिहिली आणि लोकांना सांगितले, सोडवू नका, फक्त सारखी वाटतील त्यांचे गठ्ठे करा. एका गटात नुकताच यांत्रिकीचा अभ्यासक्रम संपवलेले आठ पदवीचे विद्यार्थी होते. त्यांनी उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यांची गणिते एका गठ्ठ्यात ठेवली आणि स्प्रिंगांची दुसऱ्यात. दुसरा गट तज्ज्ञांचा. त्यांच्या एकाच गठ्ठ्यात उतारही आला आणि स्प्रिंगही, कारण दोन्ही गणिते ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी होती. नवख्यांना वस्तू दिसत होत्या, तज्ज्ञांना नियम दिसत होते.

आता गंमत पाहा. या प्रयोगातले ‘तज्ज्ञ’ कोण होते? भौतिकशास्त्राचे आठ पीएचडीचे विद्यार्थी. म्हणजे ज्यांना अजून नोकरी नाही, प्रबंध पुरा नाही, मार्गदर्शकापुढे ज्यांची बोबडी वळते, अशा पोरांच्या नजरेतून उतार आणि स्प्रिंग कधीच पुसले गेले होते. समोरच्या बाकावरचा विद्यार्थी उताराकडे पाहत असतो आणि फळ्याजवळचा तरुण त्या उताराच्या आरपार. दोघांना वाटते, आपण एकाच चित्राकडे पाहतो आहोत.

हा आंधळेपणा किती खोल असतो, हे घरी पाच मिनिटांत तपासता येते. गणपतीच्या आरतीची चाल मनात म्हणा, बोटाने टेबलावर तिचा ठेका वाजवा आणि समोरच्याला ओळखायला सांगा. तुमच्या डोक्यात शब्द, सूर, टाळ-झांजा सगळे वाजत असते. समोरच्याला ऐकू येते नुसती टकटक. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने १९९०च्या आपल्या पीएचडी प्रबंधासाठी सर्वांना ठाऊक असलेली गाणी घेऊन हेच केले. वाजवणाऱ्यांना वाटत होते की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० वेळा वाजवून ओळखली गेली ती फक्त तीन. जे आपल्याला माहीत आहे, ते माहीत नसलेल्या माणसाला जग कसे दिसत असेल, याची कल्पना करणे माणसाच्या मेंदूला फारसे जमत नाही. हुशारीने ती उणीव भरून निघत नाही.

हार्वर्डचे एरिक माझूर यांची गोष्ट याच्याच पुढची. १९८०च्या दशकात ते भौतिकशास्त्र शिकवत होते, विद्यार्थी त्यांना भरभरून गुण देत होते आणि अवघड गणितेही सोडवत होते. मग माझूर यांनी बलाची प्राथमिक समज तपासणारी, आकडेमोड नसलेली चाचणी त्यांना दिली. जड ट्रक आणि हलकी मोटार एकमेकांवर आदळली तर कोण कोणावर जास्त बल लावते, अशा धर्तीचे प्रश्न. उत्तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे: दोन्ही बले सारखी. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू की मला एरवी वाटते त्याप्रमाणे? एका वर्गात दोन भौतिकशास्त्रे नांदत होती, एक परीक्षेचे आणि एक खरे, आणि प्राध्यापकांना त्याचा पत्ता नव्हता.

एकदा समजावून, दोनदा समजावून वर्गाच्या कपाळावरच्या आठ्या जाईनात, तेव्हा माझूर यांनी मुलांना आपापसात बोलायला सांगितले. दोन-चार मिनिटांत गलका झाला आणि उलगडाही झाला. ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली आहे, त्याला ती न कळण्याचे कारण अजून आठवत असते. कळून दशके लोटलेल्याला ते आठवत नाही. यातूनच माझूर यांची ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ ही पद्धत जन्माला आली आणि आज ती जगभर वापरली जाते.

पीएचडीचा विद्यार्थी या दोन टोकांच्या मधोमध उभा असतो. विषय त्याच्या हाती आला आहे आणि तो हाती येण्यासाठी खाल्लेल्या ठेचाही अगदीच विसरलेल्या नाहीत. प्राध्यापक घडवायचा तर याच वयात, ठेचा आठवत असताना. पुढे तेच काम दुप्पट अवघड होते.

परवाना होता, मग पदवी झाली

विद्यापीठे हे आधीपासून का करत नव्हती? खरे तर ती करत होती. बाराव्या-तेराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये विद्यापीठातून बाहेर पडताना मिळायचा तो शिकवण्याचा परवाना. नोत्र दाम कॅथेड्रलचा चॅन्सेलर तो देई, आणि ११७९ सालच्या तिसऱ्या लॅटरन धर्मसभेने बजावले होते की, लायक माणसाला हा परवाना नाकारू नये आणि त्यासाठी पैसे घेऊ नयेत. परवाना मिळालेल्याने सर्वांसमोर पहिले व्याख्यान द्यायचे, वादात उतरायचे, मग तो अध्यापकांच्या मंडळात बसे. शिकवून दाखवणे हीच शेवटची परीक्षा होती.

चाक फिरले ते जर्मनीत. १८१०च्या सुमारास विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या विचारावर उभ्या राहिलेल्या बर्लिन विद्यापीठाने संशोधन आणि अध्यापन एकाच माणसात असावे, असा आग्रह धरला. प्राध्यापकाने ज्ञान नुसते वाटायचे नाही, त्याने ते निर्माणही करायचे. हा विचार अमेरिकेने उचलला. येल विद्यापीठाने १८६१ साली अमेरिकेतल्या पहिल्या तीन पीएचडी दिल्या, १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ संशोधनाच्याच पायावर उभे राहिले. पण उचलताना तोल एका बाजूला गेला. प्रबंध ही पदवीची एकमेव कसोटी झाली आणि तीच पदवी शिक्षकाच्या नोकरीची अट झाली. १९०३ साली हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी ‘द पीएचडी ऑक्टोपस’ या लेखात या अटीची खिल्ली उडवली: ही पदवी असली म्हणजे माणूस चांगला शिकवेल, याची हमी कोण देणार?

शतकभराने उत्तर आले ते बोचरेच होते. २००१ साली ख्रिस गोल्डी आणि टिमथी डोर यांनी अमेरिकेतल्या २७ विद्यापीठांतल्या चार हजारांहून अधिक पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा: या विद्यार्थ्यांना जे शिक्षण मिळते आहे, ते त्यांना हवे तसे नाही आणि पुढे ते जी नोकरी धरतील तिच्याही कामाचे नाही.

घडवण्याची कार्यशाळा

यावरचे बहुतेक उपाय मात्र तोवर सुरू झाले होते, आणि त्यातले बरेचसे साधे आहेत.

पहिला उपाय आरशाचा. १९६३ साली स्टॅनफर्डमध्ये ड्वाइट ॲलन यांच्या पुढाकाराने ‘मायक्रोटीचिंग’ सुरू झाले. पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ, मोजके विद्यार्थी, एकाच कौशल्यावर लक्ष, आणि समोर व्हिडिओ कॅमेरा. पाठ संपला की शिक्षक स्वतःला पडद्यावर पाहतो, इतरांचे बोलणे ऐकतो आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घेतो. फळ्याशीच बोलणारा, प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देऊन टाकणारा, डाव्या रांगेकडे पाठ फिरवलेला आपलाच अवतार माणसाला पहिल्यांदाच दिसतो. आज कित्येक विद्यापीठांत नव्या पदव्युत्तर शिक्षकांना वर्गावर पाठवण्याआधी या आरशासमोर उभे करतात.

दुसरा उपाय सेकंदांचा. मेरी बड रो या संशोधिकेने शाळेतल्या विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण ऐकून १९७०च्या दशकात दाखवले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतो. मग स्वतः बोलतो किंवा दुसऱ्याला विचारतो. ही वाट पाहण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी होतात, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात आणि मुले उलट प्रश्नही विचारतात. तीन सेकंद म्हणजे फार नव्हे, पण सत्तर डोळे रोखलेले असताना ते युगासारखे वाटतात. ते सोसायला सराव लागतो. शिकवणे घडवता येते याचा याहून लहान पुरावा मिळणार नाही.

तिसरा उपाय नकाशाचा. १९९३ साली अमेरिकेत ‘प्रिपेअरिंग फ्यूचर फॅकल्टी’ हा उपक्रम सुरू झाला. तिथल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या परिषदेने आणि महाविद्यालयांच्या संघटनेने तो मिळून उभा केला, पैसा प्यू धर्मादाय निधीचा होता. त्यामागचे निरीक्षण असे: पीएचडी मिळते ती मोठ्या संशोधन विद्यापीठांत, पण बहुतेक नोकऱ्या असतात दुसरीकडे. छोट्या निवासी महाविद्यालयात वर्गात पंधरा-वीस मुले असतात आणि प्राध्यापकाला प्रत्येकाचे नाव पाठ असावे लागते. कम्युनिटी कॉलेजात एका सत्रात पाच-पाच विषय शिकवायचे असतात आणि संध्याकाळच्या वर्गातली कित्येक मुले कामावरून थेट आलेली असतात. संशोधन विद्यापीठात वाढलेल्या तरुणाने हे जग पाहिलेलेच नसते. म्हणून प्रत्येक विद्यापीठाने आसपासच्या निरनिराळ्या महाविद्यालयांशी जोडी जमवली. पीएचडीचा विद्यार्थी तिथल्या एका प्राध्यापकाच्या मागे सावलीसारखा राहतो: तास घेतो, विभागाच्या बैठकीला बसतो, अभ्यासक्रम ठरताना होणारी खडाजंगी ऐकतो, आणि संशोधन, अध्यापन व संस्थेची सेवा या तीन दगडांवर पाय ठेवून माणसे कशी उभी असतात ते जवळून पाहतो.

ही ओळख किती गरजेची आहे ते २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका विश्लेषणातून दिसते. अमेरिकेत पीएचडी झालेल्या तिथल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के माणसे जेमतेम एक पंचमांश विद्यापीठांतून आलेली आहेत. या सगळ्या प्राध्यापकांत दर आठांपैकी एक जण बर्कले, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि स्टॅनफर्ड या पाचांपैकी एका ठिकाणचा. म्हणजे या मोजक्या विद्यापीठांतल्या तरुणांना शिकवण्याची जी सवय लागेल, तीच पुढे देशभरच्या वर्गांत पसरणार. हजारो नद्यांचे पाणी सुधारायचे असेल तर उगम मोजकेच आहेत.

चौथा उपाय मला सगळ्यात देखणा वाटतो. २००३ साली विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या मदतीने ‘सर्टल’ नावाचे केंद्र सुरू झाले. पुढे त्याचे अनेक विद्यापीठांचे जाळे झाले. त्याचे सूत्रधार रॉबर्ट मॅथ्यू हे मुळात खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सांगितले की, अध्यापनासाठी तुम्हाला वेगळा स्वभाव आणायला नको. प्रयोगशाळेत जे करता तेच वर्गात करा. समजा, प्रात्यक्षिकाच्या शेवटी मुलांनी दोन मिनिटे थांबून ‘आज काय गोंधळ झाला’ हे लिहिले तर पुढच्या प्रात्यक्षिकात चुका कमी होतील, असे तुम्हाला वाटते. मग ते गृहीतक माना. कशाने सिद्ध होईल ते आधी ठरवा, एका सत्रात माहिती गोळा करा, तपासा, चूक निघाली तर फेकून द्या, आणि निष्कर्ष सहकाऱ्यांपुढे मांडा. अध्यापन हेच संशोधन. वर्गाची पाटी कोरी राहत नाही, तिच्यावर पुरावा साचत जातो.

याच्या उलट एरवीची स्थिती शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९९३ साली टिपली होती. प्रयोगशाळेत माणूस माणसांमध्ये असतो, त्याचे काम इतरांना दिसते, त्यावर चर्चा होते. वर्गाचे दार लोटले की तोच माणूस एकटा पडतो. त्याने शोधलेली चांगली युक्ती त्याच्याबरोबर निवृत्त होते. अध्यापनाला संशोधनाची शिस्त लावली की ती युक्ती मागे उरते.

शिकवल्याने संशोधन बुडते का?

‘शिकवण्यात वेळ घालवू नकोस, प्रबंध संपव’ हा सल्ला पीएचडी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मार्गदर्शकाकडून ऐकलेला असतो. त्यामागची काळजी खरी असते. पण ती पुराव्यावर टिकते का?

डेव्हिड फेल्डन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतल्या ९५ नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी संशोधनाचे लेखी प्रस्ताव घेतले. काही जण फक्त संशोधन करत होते, काही संशोधनाबरोबर शिकवतही होते. २०११ साली ‘सायन्स’मध्ये आलेला निकाल असा: तपासता येईल असे गृहीतक मांडणे आणि ते तपासायला योग्य प्रयोग आखणे, या दोन गोष्टींत शिकवणाऱ्यांची प्रगती जास्त होती.

थोडा विचार केला की कारण उमगू लागते. प्रयोगशाळेत शिरलेल्या नवख्या मुलाचा प्रयोग फसतो तेव्हा तो विचारतो, ‘मॅडम, हे असे का आले?’ उत्तर द्यायचे तर प्रयोगाची प्रत्येक पायरी पुन्हा उलगडावी लागते: इथे काय गृहीत धरले होते, कोणती गोष्ट कायम ठेवली, कोणती बदलली. संशोधकाला हेच स्वतःच्या कामाबद्दल करायचे असते. दुसऱ्याच्या चुकीतले तर्क शोधण्याचा सराव स्वतःच्या प्रस्तावातली भोके दाखवू लागतो. हुम्बोल्ट यांना संशोधन आणि अध्यापन एकाच माणसात का हवे होते, त्याचा एक पुरावा दोनशे वर्षांनी असा आकड्यांत हाती आला.

वाटेत एक फसवा खड्डा मात्र आहे. व्हँकुव्हरमधले डेलोरिए पुढे हार्वर्डला गेले आणि २०१९ साली त्यांच्या गटाने आणखी एक तुलना प्रसिद्ध केली. एकीकडे सफाईदार व्याख्यान, दुसरीकडे मुलांना स्वतः झगडायला लावणारा तास, आणि दोन्हीकडे मजकूर तोच. झगडणारी मुले जास्त शिकली. पण ‘तुम्हाला किती कळले असे वाटते?’ या प्रश्नावर त्यांनीच स्वतःला कमी गुण दिले. ओघवते व्याख्यान ऐकताना आपल्याला कळते आहे असे वाटत राहते. झगडताना आपले अज्ञान जागोजागी टोचते, आणि ते टोचणे म्हणजेच शिकणे हे कळायला वेळ लागतो. नव्या शिक्षकाने पहिल्याच सत्रात मुलांच्या नाराज अभिप्रायांकडे पाहून ही वाट सोडली, तर नवल नाही. म्हणून आता प्रशिक्षणात हेही शिकवतात की, सत्राच्या पहिल्याच दिवशी मुलांना विश्वासात घ्या, हे जड जाणार आणि का जड जाणार ते सांगून टाका.

एका इमारतीतले दोन मजले

महाराष्ट्रात कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय पुष्कळदा एकाच आवारात, कधी एकाच इमारतीत असते. खालच्या मजल्यावर बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे तर बी.एड. लागते. तिथल्या शिक्षकांनी छात्राध्यापक म्हणून पाठ टाचणे लिहिलेली असतात, मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांसमोर घाम पुसत पाठ घेतलेले असतात. स्टॅनफर्डचे मायक्रोटीचिंग भारतात १९६०च्या दशकाच्या अखेरीस आले, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यावर बरेच काम झाले, आणि ‘सूक्ष्म अध्यापन’ म्हणून ते आपल्या अध्यापक महाविद्यालयांत रुजले. वरच्या मजल्यावर एफ.वाय.ला तेच रसायनशास्त्र शिकवायला मात्र यातले काही लागत नाही. मुलगी तीच असते. मधे एक उन्हाळ्याची सुट्टी गेलेली असते.

वरच्या मजल्याची किल्ली म्हणजे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभियोग्यता हा दहा घटकांपैकी एक असतो आणि तो पर्याय निवडून सोडवायचा असतो. पुष्कळांचा पहिला वर्ग तासिका तत्त्वावरचा असतो: आज नेमणूक, उद्या तास, आणि मार्गदर्शन म्हणजे मागच्या वर्षीच्या सरांच्या नोट्स. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स आले. त्यांतून काहींना खरोखर दृष्टी मिळाली. पण ती नोकरी लागल्यानंतरची आणि बढतीशी बांधलेली सोय होती. ठेचा विसरल्यानंतरची.

म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेल्या पीएचडीच्या नियमांतले एक कलम महत्त्वाचे आहे, जरी त्याची चर्चा फारशी झाली नाही. कुठल्याही शाखेचा पीएचडी विद्यार्थी असो, त्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घ्यायचे आहे. शिवाय ट्युटोरियल, प्रात्यक्षिके आणि मूल्यमापन यांसाठी त्याला आठवड्याला ४ ते ६ तासांचे काम देता येईल.

या ४ ते ६ तासांचे काय होईल, ते कागदावर ठरत नाही. ते विभागप्रमुखाच्या अडलेल्या तासांचे ठिगळ होऊ शकतात आणि पेपरांचे गठ्ठे उपसण्याची फुकट मजुरीही होऊ शकतात. किंवा मार्गदर्शक महिन्यातून एकदा मागच्या बाकावर बसला आणि नंतर त्याने एवढेच विचारले की, ‘मुले आज कुठे अडली, आणि ते तुला कशावरून कळले?’, तर तेच तास प्राध्यापक घडवण्याची कार्यशाळा होतील. त्यासाठी परदेशी निधी नको, क्लिकरही नकोत. हात वर करून मत देता येते आणि तीन सेकंद थांबायला पैसे पडत नाहीत.

कच्चा माल तर आपल्याकडे जगाला हेवा वाटावा इतका आहे. दर परीक्षेनंतर आपल्या विद्यापीठांत उत्तरपत्रिकांचे डोंगर जमतात, त्यांवर गुण चढतात आणि मग ते रद्दीत जातात. त्यातल्या एका प्रश्नाची शंभर चुकीची उत्तरे पीएचडीच्या विद्यार्थ्याने वेगळी काढावीत आणि कोणत्या गैरसमजातून कोणती चूक निघाली याचे गठ्ठे करावेत. त्याला कळेल की शंभर मुले शंभर प्रकारे चुकत नाहीत, मोजक्याच रस्त्यांनी चुकतात. ते रस्ते ज्याला ओळखता आले, तो वर्गात शिरण्याआधीच अर्धा प्राध्यापक झालेला असतो. हे काम मराठीच्या विभागात होऊ शकते, सांख्यिकीच्या होऊ शकते आणि येत्या सत्रातल्या पहिल्या अंतर्गत परीक्षेपासून सुरू करता येते.